आवारातली मोहरी

१८ ऑक्टोबर २००४, सोमवार. कोरपना

पोचले एकदाची! राजुऱ्याला एसटी इतका वेळ थांबली की कंडक्टर उतरून कुणाच्या तरी घरी जेवून आला असावा. गडचांदूर सोडेपर्यंत झाडं सिमेंटच्या धुळीनं पांढरी, आणि पुढं दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, तोही पांढरा. सांगलीच्या माणसाला शेतात उसाखेरीज दुसरं काही उभं दिसलं की उगीच मजा वाटते.

घर फार छान मिळालं आहे. मालक नूर मोहम्मद चाचा पिंजारी आहेत, गाद्या-रजया भरतात. पुढच्या खोलीत पिंजायचं यंत्र, त्यामुळे घरभर कापसाचा फुफाटा. ओसरीवर, खुंटीवरच्या टोप्यांवर, चाचांच्या दाढीत. हाजराचाची दिवसातून कितीदा झाडतात आणि कितीदा हसतात. मुलगा फैज जिवतीच्या वाटेवर जीप चालवतो. त्याची बायको तबस्सुम माझ्याच वयाची आहे, पाच महिन्यांची गरोदर, पहिलंच. सगळ्यांचे रोजे चालू आहेत (तिला मात्र चाचींनी धरू दिले नाहीत), तरी आल्या आल्या माझ्यापुढे चहा. मला घेववेना. चाची म्हणाल्या, "तू कायले लाजतं वं? तुयं पोट थोडीच रोज्यात हाय."

मागचं आवार बघूनच मी खूश झाले. विहीर, एक कडुनिंब, बाकी दिवसभर ऊन. प्रबंधाचे माझे मार्गदर्शक लाखे सर, त्यांना हेच हवं होतं: माती ज्या भागातली, ऊन-पाणीही त्याच भागातलं. सिमेंटच्या कुंड्या कालच येऊन पडल्या होत्या. मातीची पोती आज ट्रॅक्टरनं आली. जिवतीच्या वाटेवर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा एक कारखाना होता, आता बंद आहे. त्याच्या मागच्या खड्ड्यातली ती माती. शिसं आणि कॅडमियम, दोन्ही भरपूर.

चाचांनी पोत्यातली मूठभर माती हातावर घेऊन विचारलं, ही कायची माती. मी म्हटलं, खतवलेली आहे, प्रयोगासाठी. सरांनी नागपूरहून निघतानाच बजावलं होतं की कारखान्याचं नाव काढलंस तर कुणी आवार देणार नाही. आणि तसं खोटं काय आहे त्यात? प्रयोगाचीच माती आहे. कुंडीतली कुंडीतच राहणार. चाचांनी हात लुंगीला पुसला आणि आणखी एक पोतं उतरवायला हात लावला.

२९ ऑक्टोबर

मोहरी उगवली! कुंपणाकडची ओळ कारखान्याच्या मातीत, विहिरीकडची साध्या काळ्या मातीत. दोन्हीकडे बियाणं एकच, सात-अ. सरांनी मोहरीच्या बियांवर किरणं सोडून केलेल्या अनेक वाणांपैकी हा एक.

तबस्सुम ओसरीवर रजईला टाके घालत बसते आणि माझं काम बघते. आज तिनं विचारलं, एवढ्या शिकलेल्या बाईनं मोहरी पेरायला इतक्या लांब कशाला यायचं. मी तिला मुळांबद्दल सांगितलं. माती वाईट निघाली तर जनावर उठून जाईल, मुळाला जाता येत नाही. मग ते स्वतःला बदलतं. त्याच्या टोकाला विष कळतं, आणि तिथल्या पेशी काही जनुकं मंद करतात, काही जागी करतात. मातीतलं आत घेणारी दारं ज्या जनुकांमुळे बनतात ती मंदावतात. आत आलेल्याला बांधून कोपऱ्यात कोंडणारी जोरात कामाला लागतात. सरांना शंका आहे की सात-अ मध्ये ही दारं बंदच होत नाहीत. तसं असेल तर नासलेली जमीन हे झाड शोषून साफ करू शकेल.

तबस्सुम म्हणाली, "मंजे मुळालेबी समजते, काय खाव अन् काय नाई." मला ते वाक्य इतकं आवडलं की प्रबंधाच्या सुरुवातीला घालावंसं वाटलं.

सांगताना मी 'वाईट माती' म्हणाले, ती कुठेतरी लांब असल्यासारखी. पाच हातांवर तर होती.

१६ नोव्हेंबर

शुक्रवारी दिवाळी झाली, काल ईद. घरी गेले नाही, पण कमी काही पडलं नाही. दिवाळीला चाचींनी माझ्या खोलीच्या दारात पणत्या लावून ठेवल्या होत्या, तेल जास्त घातलेलं. ईदला इतका शीरखुर्मा खाल्ला की दुपारी उभं राहवेना.

मोहरी दाट झाली होती म्हणून विरळणी केली. उपटलेल्या रोपांकडे बघून चाचींनी विचारलं की ही भाजी खाल्ली तर चालते का. मी विहिरीकडची जुडी करून त्यांना दिली. चालते की, मोहरीच आहे, म्हटलं. कुंपणाकडची मी पिशवीत बांधून ठेवली. त्या रोपांबद्दल वेगळं काही बोलले नाही. तोडणार तर मीच, देणारही मीच.

गंमत म्हणजे विषाच्या मातीतली ओळच जास्त हिरवीगार आहे. पानं हाताएवढी.

१ डिसेंबर

आज जवळजवळ दोन आठवड्यांनी नागपूरहून परत आले. तिथं मुळांची टोकं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली, खलात कुटली, आरएनए काढलं. कुठलं जनुक किती जागं आहे ते जेलवरच्या पट्टीच्या उजेडावरून कळतं. साध्या मोहरीची पट्टी विषाच्या मातीत अंधूक होते. सात-अ ची लखलखत होती. दार बंद होत नाही एवढंच नाही, जितकं विष जास्त तितकं ते आणखी उघडतं. हे दार मुळात लोहासाठीचं. शिसं-कॅडमियम त्याच दारातून घुसतात. म्हणजे मुळाला वाटतं की आपल्याला लोह मिळतंय, आणखी मागा. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. हे मी मुद्दाम आधी लिहिलं.

आल्यावर आवारात गेले तर कुंपणाकडच्या ओळीची पानं खुडलेली होती. सगळ्या कुंड्यांची, नीट, देठाशी नखानं.

चाची मागून आल्या. सांगू लागल्या की तबस्सुमचं रक्त कमी आहे, डॉक्टरीणबाईनं हिरवी भाजी खायला सांगितली आहे, आणि तू म्हणालीस चालते, म्हणून मी इकडची तोडली. इकडची चांगली हाय, तिकडची बारकी हाय. तू नव्हतीस त्या दिवसांत दर एक दिवसाआड तिला करून घातली. त्यांना शाबासकी हवी होती. मोठ्या उत्साहानं बघत होत्या माझ्याकडे.

मी म्हटलं, बरं केलंत.

का म्हटलं? तोंडात दुसरं वाक्य तयार होतं. पण ते बोलले असते तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं उघडं पडलं असतं. चाचांच्या हातावरची ती मूठभर माती डोळ्यांपुढे आली. बरं केलंत.

जेवायला तीच भाजी होती, लसणाची फोडणी घातलेली. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मी खाल्ली. चाचींनी आणखी वाढली, तीही खाल्ली. चाचांना पालेभाजी आवडत नाही, त्यांनी नुसतं वरण घेतलं. मला त्यांचा हेवा वाटला आणि लगेच त्या हेव्याची शरम वाटली.

४ डिसेंबर

कुंपणाकडे काट्या लावल्या. फवारणी केली आहे, आता पानं तोडू नका, असं सांगितलं. आणखी एक खोटं, पण या वेळी उपयोगाचं. चाचींनी कानाला हात लावला, म्हणाल्या बरं झालं सांगितलंस. "आता हातबी नाई लावत मी."

तबस्सुमच्या पोटात दुखतं. बाळाचं नव्हे, वर, पिळून काढल्यासारखं. ती हसली तेव्हा मला तिच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ आहे. शिशाची रेघ. पुस्तकात वाचली होती, कधी बघितली नव्हती.

उद्या सांगते. फैज सकाळी निघण्याआधी.

६ डिसेंबर

सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना गाठून निदान तिथं सांगावं म्हणून दवाखान्यापर्यंत गेले. रांगेत शेजारपाजारच्या बायका होत्या. परत आले. एसटीडीवरून सरांना फोन केला. ते म्हणाले, थोडीशी पानं खाल्ल्यानं काही होत नाही, तू शास्त्रज्ञ आहेस, घाबरट बाईसारखं वागू नकोस. आणि हे बाहेर गेलं तर तुझं आणि माझंही काम संपलं. मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच किळस येते आहे.

१५ डिसेंबर

मुळं बघायला कुंपणाकडची एक कुंडी आडवी केली. तळाच्या भोकातून मुळं बाहेर पडून जमिनीत गेलेली होती. मोहरीचं मूळ सरळ खाली जातं. ही आडवी गेली होती, सगळी एकाच बाजूला, घराकडे.

मग विहिरीकडची उपटली. तिथल्या मातीत विष नाही, तिथल्या मुळांना कशाचा माग लागायचं कारण नाही. पण तीही घराकडेच. स्वयंपाकघर आणि ओसरी, त्या बाजूला.

कुंडीतली माती नागपूरला पाठवली होती, आज फोनवर आकडे कळले. कारखान्याच्या मातीत आता विष जवळजवळ उरलेलंच नाही. सर आनंदानं ओरडत होते. मी विचारलं, मातीतलं विष संपल्यावर हे मूळ कुठं जाणार, त्याची दारं तर उघडीच राहतात. सर हसले. मूळ आहे ते बाई, म्हणाले, वाळून जाईल.

२३ डिसेंबर

थंडी आहे, म्हणून तबस्सुम दुपारी ओसरीच्या उन्हात बाजेवर पडते. बाजेच्या पायांशी कापूस साचला होता. चाची झाडू लागल्या. झाडू फिरला, कापूस हलला नाही.

मी वाकून चिमटीत धरला. ओला होता, खालून धरलेला. ओसरीच्या मातीतून वर आलेली केसासारखी पांढरी मुळं. ओढल्यावर तुटली आणि तुटलेलं टोक परत आत गेलं.

चाचींना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या की यंत्राचा फुफाटा चिकटला आहे. मी बाज कडुनिंबाखाली ओढून नेली. संध्याकाळी चहा घेताना बघितलं, बाजेच्या चारी पायांशी कापूस. बाज जिथं होती त्या ओसरीवर आता काही नव्हतं. स्वच्छ.

तबस्सुम म्हणते टाचेला मुंग्या येतात. तिचा चेहरा पिवळा पडला आहे. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या वाढवल्या.

आज सांगायलाच हवं होतं. चाचींनी माझ्यासाठी नवी रजई भरून ठेवली आहे, निळ्या फुलांची. ती माझ्या खाटेवर घडी घालून ठेवलेली दिसली आणि तोंड उघडेना.

२ जानेवारी २००५

सगळी मोहरी उपटली आणि पेटवली. झाडं जळली. मुळं जमिनीतच राहिली.

मुळांची तोडलेली टोकं ओल्या टीपकागदावर ठेवून खोलीत करून बघितलं. कागदाच्या एका बाजूला माझं बोट धरलं. डोळ्यांदेखत वळली. दिवसाढवळ्या, खिडकीतल्या उन्हात. चाचींना काहीतरी निमित्त सांगून त्यांचं बोट धरलं. वळली. चाचांचं धरलं तेव्हा मुळं आहे तशी पडून राहिली. त्यांनी भाजी खाल्ली नव्हती.

चाचा विचारत होते हा काय खेळ आहे. मी म्हटलं, प्रयोग.

९ जानेवारी

सांगितलं.

दुपारी तबस्सुम झोपली होती. पाय बाजेखाली लोंबत होते. टाचेच्या भेगेत कापूस भरल्यासारखा दिसला. मी धावत जाऊन ओढला. तो तिच्या आतून आला, लांबच लांब, आणि तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारची माणसं भिंतीवर चढली. रक्त फार थोडं आलं. पाण्यासारखं फिकं.

मग मी सगळं बोलले. ओसरीवर उभ्यानं. माती कुठली, भाजी कसली, फवारणी कशी खोटी, दातांवरची रेघ, कापूस म्हणजे काय. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

फैज अंगावर आला. चाचांनी त्याला धरलं, म्हणाले आधी तिला गाडीत घाल. चाची मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"मले काऊन नाई सांगतलं तू? मी तोडून राह्यली होती, धुऊन राह्यली होती. तू पाह्यत होती ना वं?"

मी म्हटलं, मला लाज वाटली.

"लाज?" चाची म्हणाल्या. "माया सुनेच्या ताटात मी जहर वाढलं, माया ह्या हातानं. अन् लाज तुले वाटली?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांना दाखवायला मी सगळं कागदावर लिहून दिलं: शिसं, कॅडमियम, कोणत्या तपासण्या करायच्या. फैजनं कागद घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. जाताना चाचा दारात थांबले. म्हणाले, "आमी आता इथी येत नाई. हे तुयं हाय. तूच पाह्य."

मी राहिले. मलाच बघायला हवं.

१३ जानेवारी

फैज गेटबाहेर जीप थांबवून उभ्या उभ्या सांगून गेला. दिवस पूर्ण भरायच्या आधीच मुलगी झाली. जिवंत आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. तबस्सुमला रक्त चढवलं. माझ्या कागदामुळे डॉक्टरांना लवकर कळलं, हेही त्यानं सांगितलं. सांगायची त्याची इच्छा नव्हती, पण सांगितलं. चाचींवरही उपचार चालू आहेत, त्या गडचांदूरला बहिणीकडे राहून येऊन-जाऊन करतात. मुलीचं नाव जोया.

मी विचारलं भेटायला येऊ का. तो म्हणाला नको.

आता घरात मी एकटी. सगळा कापूस माझ्या खोलीकडे येतो आहे. आला तर माझ्याकडेच येऊ दे.

१६ जानेवारी

विहिरीवर गेले. लोखंडी बादली काठावर होती, पांढरी झाली होती. रहाटाची साखळी पांढरी. यंत्राचे दात, सुया, दाराच्या कड्या. सगळ्यांवर मऊ, ओला कापूस.

किती उशिरा डोक्यात आलं. दार लोहाचं आहे. विष तर त्यात नंतर घुसलेलं. विष संपलं म्हणून हे थांबणार नाही. तबस्सुमचं रक्त फिकं झालं ते विषानं झालं नव्हतं.

लोह तर सगळ्यांच्याच रक्तात असतं. भाजी खाल्लेली असो वा नसो. चाचांच्या बोटाकडे मुळं वळली नाहीत, ती तोवर त्यांना विषाचा माग होता म्हणून.

शेजारच्या झिंगूभाऊंना सांगितलं की मुलांना भिंतीकडे खेळू देऊ नका, अनवाणी तर अजिबात नको. खरं कारण सांगितलं, काही न लपवता. ते म्हणाले, मॅडम, गावी जाऊन या काही दिवस. आता मी खरं बोलते तर ते ऐकायला कोणी नाही.

सर म्हणतात माणसं पाठवतो. बकरी ईदची सुट्टी झाली की. बियाणं तेवढं जपून ठेव म्हणाले. बियाणं मी जाळलं.

१८ जानेवारी

रॉकेल ओतून ओसरी पेटवली. वरवर जळते. खाली मुळं ओली आहेत. जळलेल्या जागी पुन्हा पांढरं.

पायांत बूट घालून बसते, खाटेवर. चक्कर येते. नखं पांढरी झाली आहेत. काल डुलकी लागली तेव्हा एक पाय खाली राहिला असावा. दुखत नाही. खरंच दुखत नाही. हलकं वाटतं, आणि ते बरं वाटणं मला शोभत नाही.

२० जानेवारी

आवार सगळं पांढरं. कापूस फुटल्यासारखं. सुंदर दिसतं, काय करू.

एक गोष्ट बघितली. मी इथं असले की मुळं भिंतीपलीकडे जात नाहीत. मघाशी गेटपर्यंत गेले तर सगळा कापूस गेटकडे सरकला, रस्त्याकडे. परत येऊन बसले. माणसं येईपर्यंत इथंच बसायचं. एवढं तरी—

जोयाचं वजन वाढलं असेल का. विचारायला कुणी नाही. विचारायचा हक्कही—

२१ जानेवारी. ईद

दुपार झाली. बूट आता निघत नाहीत. आतून धरलेत.

अक्षर नीट येत नाही—

गेट वाजलं. सरांची माणसं इतक्यात—

नाही. चाचा आहेत. नवे कपडे घातलेत. हातात डबा. हाक मारतात, पोरी, आहेस ना. म्हणतात हाजरानं पाठवला. ईदचं जेवण. म्हणतात, ती म्हणे पोरगी उपाशी असंल—

माझ्यासाठी. त्यांनी. माझ्यासाठी—

येऊ नका म्हणते आहे. आवाज निघत नाही. ओठ हलतात फक्त. खिडकीवर पेन आपटते आहे, ते हसून हात करतात—

ओसरीवरचा कापूस बघतात. म्हणतात, काऊन झाडलं नाईस वं घर—

सगळा त्यांच्याकडे वळला, माझ्यात आता लोह उरलंय कुठं. सगळा—

पायरीशी थांबलेत. खाली वाकले. चप्पल काढताहेत. चाचा, चप्पल काढू न—